विश्लेषण : भारतीयांसाठी अमेरिकेचे दार उघडणारे इमॅन्युएल सेलर कोण होते? १९६५च्या कायद्यासाठी त्यांनी काय दिले, काय मिळवले?

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या भारतीय इंजिनीअरला ग्रीन कार्डसाठी दहा-दहा वर्षे, कधी त्याहून जास्त थांबावे लागते. दुसरीकडे, अमेरिकेचे नागरिकत्व मिळालेला भारतीय आपल्या भावा-बहिणीलाही कायमचे तिकडे नेण्यासाठी अर्ज करू शकतो. या दोन्ही गोष्टींचे मूळ एकाच कायद्यात आहे. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी त्यावर सही केली. हा कायदा ‘हार्ट-सेलर कायदा’ म्हणून ओळखला जातो. त्यातले सेलर म्हणजे ब्रुकलिनचे खासदार इमॅन्युएल सेलर. ज्या कोटा पद्धतीविरुद्ध ते १९२४ मध्ये नवखे खासदार असताना लढले आणि हरले, ती त्यांनी ४१ वर्षांनी, वयाच्या ७७व्या वर्षी रद्द करून घेतली. त्यासाठी त्यांना विरोधकांशी आणि स्वतःच्याच पक्षातल्या लोकांशी सौदा करावा लागला. त्या सौद्याचे परिणाम दोन्ही बाजूंना अपेक्षित होते त्यापेक्षा वेगळेच निघाले.

सेलर कोण होते?

इमॅन्युएल सेलर यांचा जन्म ६ मे १८८८ रोजी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे झाला. त्यांचे आजी-आजोबा जर्मनीतून आलेले होते, घर प्रामुख्याने ज्यू. वडिलांचा व्हिस्कीचा धंदा होता. तो बुडाला आणि वडील घरोघर वाइन विकू लागले. सेलर कॉलेजात गेले आणि थोड्याच काळात आई-वडील दोघेही वारले. वडिलांची गिऱ्हाइके मुलाने सांभाळली. सकाळी कोलंबिया विद्यापीठात वर्ग आणि दुपारपासून संध्याकाळपर्यंत वाइनविक्री, असे करत त्यांनी १९१० मध्ये पदवी आणि १९१२ मध्ये कायद्याची पदवी घेतली.

ब्रुकलिन तेव्हा स्थलांतरितांनी भरलेले होते. इटलीतून, पोलंडमधून, रशियातून आलेली कुटुंबे हेच वकील सेलर यांचे शेजारी आणि पुढे त्यांचे मतदार. १९२२ मध्ये दारूबंदीला विरोध करत ते डेमोक्रॅटिक पक्षाकडून निवडून आले. मार्च १९२३ मध्ये त्यांनी अमेरिकी काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहात, म्हणजे प्रतिनिधीगृहात पाऊल ठेवले. तिथे ते पुढची जवळपास ५० वर्षे राहिले.

१९२४चा कोटा नेमका काय होता?

सेलर निवडून आल्यावर थोड्याच काळात प्रतिनिधीगृहासमोर जॉन्सन-रीड विधेयक आले. त्याचे गणित साधे होते. एखाद्या देशात जन्मलेले जितके लोक १८९०च्या जनगणनेत अमेरिकेत नोंदले गेले होते, त्याच्या २ टक्के इतक्याच लोकांना त्या देशातून दरवर्षी प्रवेश द्यायचा.

सगळी मेख १८९० या वर्षात होती. आधीच्या १९२१च्या कायद्यात १९१०ची जनगणना आणि ३ टक्के असे प्रमाण होते. इटली आणि पूर्व युरोपातील लोक मोठ्या संख्येने आले ते १८९० नंतर. त्यामुळे वर्ष मागे नेले की त्यांचा कोटा आपोआप कोसळणार होता. झालेही तसेच. इटलीचा वार्षिक कोटा सुमारे ४२ हजारांवरून चार हजारांच्या खाली आला. कायद्यात कुठेही इटालियन किंवा ज्यू नकोत असे लिहिलेले नव्हते, ते काम आकडेवारीने केले. पुढे १९२९ पासून संपूर्ण लोकसंख्येच्या मूळ वंशावर आधारलेले सूत्र लागू झाले. त्यात सर्वांत मोठा वाटा ब्रिटनला मिळाला.

आशियाई लोकांसाठी तर कोट्याचीही गरज ठेवली नव्हती. १९१७च्या कायद्याने भारतासह आशियाच्या मोठ्या भागातून येण्यावर आधीच बंदी होती. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय हे कायद्याच्या अर्थाने गोरे नाहीत, म्हणून त्यांना नागरिकत्व मिळू शकत नाही, असा निकाल दिला होता. जे नागरिक होऊ शकत नाहीत त्यांना प्रवेशही नाही, अशी तरतूद १९२४च्या कायद्याने केली.

सेलर यांनी सभागृहात विधेयकाविरुद्ध जोरदार भाषण केले. उपयोग झाला नाही. विधेयक प्रचंड बहुमताने मंजूर झाले आणि २६ मे १९२४ रोजी त्याचा कायदा झाला. नंतर नाझी राजवटीतून पळणाऱ्या ज्यूंसाठी दार किलकिले करावे म्हणून सेलर यांनी प्रयत्न केले, परराष्ट्र खात्यावर टीका केली. पण कोट्याची चौकट हलली नाही. उलट या काळात सुधारणावाद्यांना एक वेगळीच भीती होती. कायदा उघडून चर्चेला घेतला, तर विरोधक उरलेले कोटेही कापतील, असे त्यांना वाटत होते. केवळ आपली बाजू बरोबर असून भागत नाही, मतेही जमवावी लागतात, हा धडा सेलर यांनी याच वर्षांत घेतला.

भारतीयांसाठी वर्षाला १०० जागा कशा मिळाल्या?

दुसऱ्या महायुद्धात परिस्थिती बदलली. चीन अमेरिकेचा मित्र असल्याने १९४३ मध्ये चिनी लोकांवरील बंदी उठवून त्यांना वर्षाला १०५ जागा देण्यात आल्या. मग भारताचे काय, असा प्रश्न अमेरिकेतील भारतीयांनी लावून धरला. १९४०च्या जनगणनेत तिथे सुमारे २४०० भारतीयच नोंदलेले होते. त्यात कॅलिफोर्नियातील पंजाबी शेतकरी बरेच होते. नागरिकत्व नसल्याने तिथे त्यांना स्वतःच्या नावावर शेतजमीन घेता येत नव्हती. इंडिया लीग ऑफ अमेरिकाचे जे. जे. सिंग यांच्यासारखे कार्यकर्ते वॉशिंग्टनमध्ये खासदारांच्या गाठीभेटी घेत होते.

सेलर यांनी यासाठी विरोधी रिपब्लिकन पक्षाच्या खासदार क्लेअर बूथ लूस यांच्याशी हातमिळवणी केली. विधेयक काही वर्षे रखडले. अखेर २ जुलै १९४६ रोजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी लूस-सेलर कायद्यावर सही केली. भारतीयांना आणि फिलिपिनो लोकांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला. भारताला कोटा मिळाला तो मात्र वर्षाला फक्त १०० जणांचा.

कोटा पद्धतच चुकीची आहे असे सांगणाऱ्या माणसाने त्याच पद्धतीतला १००चा कोटा का स्वीकारला? कारण त्या वेळी त्याहून जास्त मागितले असते तर काहीच पदरात पडले नसते. शिवाय सौद्यातला मोलाचा भाग १०० हा आकडा नव्हताच, नागरिकत्व हा होता. याच कायद्यामुळे दलीप सिंग सौंद १९४९ मध्ये अमेरिकी नागरिक झाले आणि १९५६ मध्ये कॅलिफोर्नियातून प्रतिनिधीगृहावर निवडून गेले. अमेरिकी काँग्रेसमधील ते पहिले भारतीय. त्यांना नागरिकत्व मिळवून देणाऱ्या सेलर यांच्याच सभागृहात ते सहकारी म्हणून बसले.

अध्यक्षपद मिळूनही सेलर यांचे हात का बांधलेले होते?

१९४९ मध्ये सेलर न्यायविषयक समितीचे अध्यक्ष झाले. मधली दोन वर्षे सोडली तर १९७३ पर्यंत हे पद त्यांच्याकडेच होते. स्थलांतराची विधेयके याच समितीकडे येत. म्हणजे मार्ग मोकळा झाला असे वाटावे. पण ही विधेयके आधी उपसमितीत जात, आणि त्या उपसमितीवर पेनसिल्व्हेनियाचे फ्रान्सिस वॉल्टर बसलेले होते. वॉल्टरही डेमोक्रॅट. मात्र कोटा पद्धतीचे ते पक्के पाठीराखे.

१९५२ मध्ये मॅकरन-वॉल्टर कायदा आला. त्याने नागरिकत्वातील वंशाची अट काढली, पण कोटे कायम ठेवले. ट्रूमन यांनी नकाराधिकार वापरला. काँग्रेसने तो दोन-तृतीयांश बहुमताने मोडून काढला. सेलर पुन्हा हरलेल्या बाजूला होते.

आता कोट्यांचे चित्र असे होते. ब्रिटनला वर्षाला सुमारे ६५ हजार जागा, त्यातल्या बऱ्याचशा रिकाम्या जात. इटलीला साडेपाच हजारांच्या आसपास, तिथे लांबच लांब रांग. भारताला १००. रिकाम्या जागा दुसऱ्या देशाला देता येत नव्हत्या. मे १९६३ मध्ये वॉल्टर यांचे निधन होईपर्यंत ही कोंडी फुटली नाही.

१९६५चा सौदा : पहिली अट फीगन यांची

जुलै १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी कोटा पद्धत रद्द करण्याचा प्रस्ताव काँग्रेसकडे पाठवला. प्रतिनिधीगृहात सेलर यांनी आणि सिनेटमध्ये मिशिगनचे फिलिप हार्ट यांनी विधेयक मांडले. चार महिन्यांत केनेडी यांची हत्या झाली. जॉन्सन यांनी प्रस्ताव पुढे नेला. पण वॉल्टर यांच्या जागी उपसमितीवर आलेले ओहायोचे मायकेल फीगन आणि सेलर यांचे पटत नव्हते. फीगन यांनी १९६४ मध्ये विधेयक अडवून ठेवले. अध्यक्ष सेलर यांना आपल्याच समितीच्या उपसमितीतून आपलेच विधेयक बाहेर काढता येत नव्हते.

१९६४च्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाला मोठे बहुमत मिळाले, तेव्हा फीगन यांनाही रोखून धरणे अवघड झाले. व्हाइट हाऊसने त्यांच्याशी थेट बोलणी सुरू केली. फीगन तयार झाले, पण किंमत मागून.

सरकारच्या मूळ मसुद्यात निम्म्या जागा कौशल्य असलेल्यांसाठी होत्या. डॉक्टर, इंजिनीअर, शास्त्रज्ञ आधी. फीगन यांनी हा क्रम उलटवला. आधी कुटुंब, मग कौशल्य. त्यामागचा राजकीय हिशेब उघड होता. नातेवाईकांना प्राधान्य दिले तर ज्यांचे नातेवाईक आधीच अमेरिकेत आहेत तेच येतील. अमेरिकेत तेव्हा आशियाई लोक लोकसंख्येच्या एक टक्काही नव्हते. म्हणजे कोटा पद्धत गेली तरी देशाचा चेहरा बदलणार नाही, असे पुराणमतवादी खासदारांना आणि माजी सैनिकांच्या संघटनांना पटवून देता येत होते. जपानी-अमेरिकी नागरिकांच्या संघटनेलाही हेच दिसले होते. कागदावर समानता, प्रत्यक्षात आशियाई मागेच, अशी तक्रार तिने नोंदवली होती.

सेलर यांनी ही अट मान्य केली. कायद्यात अखेर झालेली वाटणी अशी :

• नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांचे नातेवाईक : ७४ टक्के (यात २४ टक्के केवळ नागरिकांच्या भावा-बहिणींसाठी)
• व्यावसायिक, शास्त्रज्ञ, कलावंत : १० टक्के
• जिथे कामगारांची टंचाई आहे अशा कामांसाठी : १० टक्के
• निर्वासित : ६ टक्के
• नागरिकांचे पती-पत्नी, अल्पवयीन मुले आणि आई-वडील : मर्यादेच्या बाहेर

भावा-बहिणींच्या वाट्यामुळे या कायद्याला गमतीने भावंडांचा कायदाही म्हटले गेले. चर्चेदरम्यान खुद्द सेलर यांनी सभागृहाला दिलासा दिला होता की आशिया आणि आफ्रिकेतील लोकांचे इथे नातेवाईकच फारसे नसल्याने तिथून तुलनेने कमी लोक येतील. २५ ऑगस्ट १९६५ रोजी प्रतिनिधीगृहाने ३१८ विरुद्ध ९५ मतांनी विधेयक मंजूर केले.

दुसरी अट सिनेटची

तोपर्यंत कॅनडा, मेक्सिको आणि लॅटिन अमेरिकेतील स्वतंत्र देशांतून येणाऱ्यांवर संख्येची मर्यादाच नव्हती. प्रतिनिधीगृहात अशी मर्यादा घालणारी दुरुस्ती आली, ती थोडक्यात फेटाळली गेली. सेलर तिच्या विरोधात होते. शेजारी देशांशी संबंध बिघडतील, अशी सरकारचीही भूमिका होती.

सिनेटमध्ये मात्र नॉर्थ कॅरोलिनाचे सॅम अर्विन आणि रिपब्लिकन नेते एव्हरेट डर्कसन यांच्या पाठिंब्याशिवाय विधेयक समितीबाहेर येणे कठीण होते. त्यांची अट एकच, पश्चिम गोलार्धालाही मर्यादा घाला. सरकारने माघार घेतली. वर्षाला १ लाख २० हजारांची मर्यादा १ जुलै १९६८ पासून लागू करायचे ठरले. सिनेटने २२ सप्टेंबरला विधेयक ७६ विरुद्ध १८ मतांनी मंजूर केले. दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीत सेलर यांच्या बाजूने ही मर्यादा स्वीकारली, आणि ३० सप्टेंबरला प्रतिनिधीगृहाने अंतिम मसुद्यावर शिक्कामोर्तब केले.

उर्वरित जगासाठी वर्षाला १ लाख ७० हजार जागा आणि कोणत्याही एका देशाला २० हजारांपेक्षा जास्त नाही, असा नियम झाला. ब्रिटनलाही २० हजार, भारतालाही २० हजार. सेलर यांना हवी असलेली समानता ती हीच. या एका मुद्द्यावर, म्हणजे जन्मदेशावरून माणसाची प्रत ठरवणारे १९२४चे सूत्र जाण्यावर, त्यांनी तडजोड केली नाही. बाकी जवळपास सगळे त्यांनी देऊ केले.

हिशेब काय निघाला?

फीगन यांचा अंदाज साफ चुकला. युरोपात तोवर सुबत्ता आली होती, तिथून येणाऱ्यांची संख्या घटली. आशियातून सुरुवातीला डॉक्टर, इंजिनीअर, परिचारिका छोट्या १० टक्क्यांच्या वाटांतून आल्या. काही वर्षांत ते नागरिक झाले आणि मग त्यांनी कुटुंबाच्या वाटेने पती-पत्नी, आई-वडील, भावंडे आणली. आशियाई लोकांना रोखण्यासाठी मागितलेली तरतूदच त्यांच्यासाठी सर्वांत रुंद दार ठरली.

भारतात जन्मलेले अमेरिकेतील रहिवासी १९६० मध्ये सुमारे १२ हजार होते. १९८० मध्ये ते दोन लाखांच्या पुढे गेले. मुंबई-पुण्याच्या इंजिनीअरिंग आणि मेडिकल कॉलेजांतून बाहेर पडून साठच्या दशकाच्या शेवटी आणि सत्तरच्या दशकात अमेरिकेला गेलेली मराठी पिढी याच वाटेने गेली. अमेरिकेतील मोठ्या शहरांत महाराष्ट्र मंडळे उभी राहिली ती या पिढीच्या जोरावर.

सिनेटला दिलेल्या सवलतीची किंमत मात्र दुसऱ्यांनी मोजली. मेक्सिकन शेतमजुरांना हंगामी कामावर आणणारी ब्रासेरो योजना १९६४ अखेर बंद झाली होती. पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात तिच्याखाली एकेका वर्षात चार लाखांहून अधिक मजूर येत होते. त्यानंतर पश्चिम गोलार्धावर मर्यादा आली आणि १९७६ मध्ये तिथेही देशामागे २० हजारांचा नियम लागू झाला. शेतांवरचे काम होते तिथेच होते, माणसेही तीच होती. त्यांची कायदेशीर वाट तेवढी अरुंद झाली. विनाकागदपत्र स्थलांतराचा जो प्रश्न अमेरिकेच्या राजकारणात आजही पेटलेला आहे, त्याची एक मुळी या सवलतीत आहे. त्या मजुरांच्या वतीने वाटाघाटीच्या टेबलावर कुणी बसलेले नव्हते.

सेलर यांचा शेवट कसा झाला?

सेलर यांची ओळख केवळ स्थलांतरापुरती नव्हती. १९५०च्या मक्तेदारीविरोधी कायद्यावर त्यांचे नाव आहे. १९६४चा नागरी हक्क कायदा आणि १९६५चा मतदान हक्क कायदा त्यांच्याच समितीतून बाहेर पडला.

पण वॉल्टर आणि फीगन यांनी समितीच्या ज्या अधिकाराने त्यांना अडवले, तोच अधिकार त्यांनी स्वतःही वापरला. स्त्रियांना समान हक्क देणारी घटनादुरुस्ती त्यांना मान्य नव्हती, आणि त्यांनी ती वर्षानुवर्षे समितीत अडकवून ठेवली. १९७० मध्ये खासदार मार्था ग्रिफिथ्स यांनी निम्म्याहून अधिक सदस्यांच्या सह्या गोळा करून ती समितीला वळसा घालून सभागृहात आणली. व्हिएतनाम युद्धाला असलेला पाठिंबाही सेलर यांना महागात पडला. १९७२च्या पक्षांतर्गत निवडणुकीत एलिझाबेथ होल्ट्झमन या तिशीतल्या वकील महिलेने त्यांना आव्हान दिले. सेलर यांनी ते गांभीर्याने घेतले नाही आणि सुमारे ६०० मतांनी ते हरले. तेव्हा ते ८४ वर्षांचे होते. १५ जानेवारी १९८१ रोजी ब्रुकलिनमध्येच त्यांचे निधन झाले.

आजच्या ग्रीन कार्ड रांगेशी याचा संबंध काय?

१९६५चा देशनिहाय समान मर्यादेचा नियम नंतरच्या कायद्यांतही टिकला. १९९० पासून तो टक्क्यांत आला. नोकरीच्या आधारे वर्षाला १ लाख ४० हजार ग्रीन कार्ड दिली जातात. त्यात पती-पत्नी आणि मुलेही मोजली जातात. सर्वसाधारणपणे कोणत्याही एका देशाला ७ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, म्हणजे सुमारे ९८०० कार्ड. इतर देशांच्या जागा उरल्या तर काही जास्तीची मिळतात, इतकेच. लक्झेंबर्गला जी मर्यादा, तीच भारताला. अर्ज मात्र भारतातून लाखोंनी होतात. रांग इथे तयार होते.

१९२४च्या पद्धतीत मोठा कोटा असलेल्या ब्रिटनच्या जागा रिकाम्या जात होत्या आणि इटलीची रांग वाढत होती. आज मर्यादा सर्वांना सारखी आहे, पण अर्जदार सारखे नाहीत, म्हणून भारताची रांग वाढते. ही मर्यादा काढावी की एकूण जागा वाढवाव्यात, यावर अमेरिकी काँग्रेसमध्ये विधेयके येतात आणि अडकतात. भारतीयांची रांग कमी करायची तर इतर देशांच्या अर्जदारांना जास्त थांबावे लागेल. कुटुंबाचा वाटा कमी करून कौशल्याचा वाढवायचा तर आधी तिथे स्थायिक झालेल्या भारतीयांचेच नातेवाईक मागे पडतील. प्रत्येक तोडग्यात कुणाला तरी काही सोडावे लागणार आहे, आणि जे सोडले जाईल तेही कायद्याचाच भाग होईल. सेलर यांच्या सौद्यात मेक्सिकन मजुरांचे तेच झाले.